बेडी, पिन आणि पट्टा

(दृश्य : टेबलावर उघडी बेडी. बोटाच्या धक्क्याने पातं फिरतं. मूळ आवाज चालू ठेवावा.)

सिनेमात हा आवाज आला की प्रसंग संपतो. आरोपी मान खाली घालतो, गाडी निघून जाते. खऱ्या कामात मात्र बेडी बसवणाऱ्याचं अर्धं काम या आवाजानंतर उरलेलं असतं.

(दृश्य : एका बाजूचा पत्रा कापलेली बेडी, अगदी जवळून.)

आतली रचना पाहा. हे वाकडं पातं, त्याच्या बाहेरच्या कडेला तिरके दाते. आत स्प्रिंगच्या जोरावर बसलेला खटका. पातं आत सरकलं की खटका उचलला जातो आणि पुढच्या दात्यात पडतो. उलट ओढलं की अडतो. पायडल मारणं थांबवलं की सायकलच्या मागच्या चाकातून येते ना टकटक, ती याच जातीची. पण यातला धोका कळायला आणखी थोडं थांबावं लागतं. ही बेडी बाहेर जात नाही, आत मात्र कधीही येऊ शकते. कैदी सीटवर मागे रेलला, एक दाता पुढे. तोल जाऊन हातावर पडला, आणखी दोन. कुणी मुद्दाम आवळत नाही. आवळली जाते.

(दृश्य : किल्लीचं मागचं टोक. बेडीच्या कडेवरचं बारीक भोक.)

आणि हे त्यावरचं उत्तर. किल्लीच्या दुसऱ्या टोकाला ही जी छोटी टोकदार पिन आहे, तिने या भोकात दाबायचं. काही बेड्यांत भोकाऐवजी खाच असते, तिथे कळ सरकवायची. आत एक पट्टी खटक्याच्या मागे जाऊन बसते आणि खटका उचलला जाणंच बंद होतं. आता पातं घट्ट होत नाही, सैलही होत नाही. याला डबल लॉक म्हणतात. खटक्याखाली पातळ पत्रा सरकवून बेडी उघडायची जुनी युक्तीही इथे निकामी ठरते. म्हणजे कैद्याचं मनगट आणि पोलिसाची सुरक्षितता यांत निवड करायची वेळच येत नाही. दोन्ही एकाच पिनेत आहेत. तरी घाईत सगळ्यात आधी वगळली जाते ती हीच.

(दृश्य : जुन्या पेटंटचे आराखडे, एकामागून एक.)

ही काही नवी सोय नाही. दात्यांच्या बेड्या येण्याआधीच्या ब्रिटिश डार्बी बेड्या ठराविक मापाच्या असत. बारीक मनगट त्यातून निसटायचं, जाड मनगटाला त्या बसायच्याच नाहीत. १८६२ मध्ये अमेरिकेत डब्ल्यू. व्ही. ॲडम्स यांनी दात्यांवर मागेपुढे होणाऱ्या बेडीचं पेटंट घेतलं. त्याच शतकात जॉन टॉवर यांच्या बेड्यांत डबल लॉक आलं. १९१२ मध्ये जॉर्ज कार्नी यांचं पेटंट आलं, आरपार फिरणाऱ्या पात्याचं, ज्यामुळे एका हाताच्या धक्क्यात बेडी बसू लागली. आज पोलिसांच्या कमरेला लटकते ती बहुतेक याच घराण्यातली. म्हणजे आवळणारी बेडी थांबवायचा उपाय शंभराहून अधिक वर्षं खिशातच आहे. किल्लीसोबतच येतो तो.

(दृश्य : प्रशिक्षणाचा हॉल. एक शिपाई कैदी झाला आहे, दुसरा बेडी घालतो आहे.)

हात पाठीमागे, तळवे बाहेरच्या बाजूला. किल्लीचं भोक बोटांपासून दूर. बेडी बसली की तर्जनीचं टोक धातू आणि मनगट यांच्यामध्ये घालून पाहायचं. बोट जात नसेल तर बेडी सैल करायची. जात असेल तर लगेच पिन. अंगठ्याच्या बाजूला त्वचेला लागूनच एक मज्जातंतू जातो. त्यावर दाब राहिला की अंगठ्यामागचा भाग बधिर होतो, आणि बेडी निघाली तरी तो बधिरपणा कधी कधी कित्येक आठवडे जात नाही.

आता हे पाहा. झटापटीत माणूस पालथा पडला आहे. बेडी बसताक्षणी त्याला कुशीवर वळवलं, मग उठवून बसवलं. पालथ्या माणसाच्या पाठीवर कुणाचं वजन राहिलं तर छातीला फुलायला जागाच उरत नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याने १९९५ मध्ये काढलेल्या पत्रकात नेमकी हीच सूचना आहे : बेडी घातली की पोटावरून उठवा.

(दृश्य : व्हॅनचा मागचा भाग. लोखंडी बाक, अरुंद जागा. दार बंद होतं.)

ब्रेक लागला की आपण नकळत हात पुढे टाकतो. या बाकावर बसलेल्याला ते शक्य नाही. म्हणून पट्टा. कैद्याच्या अंगावरून वाकून पट्टा लावायला शिपाई कचरतात, आणि ती भीती खोटी नाही. डोकं मारतात, चावतात. पण बक्कल दाराच्या बाजूला असलेले पट्टे मिळतात. वाकावंच लागत नाही. लांबच्या प्रवासात कमरेच्या साखळीला जोडून हात पुढे ठेवता येतात. एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही : गाडीच्या दांड्याला बेडी अडकवणं. अपघात झाला, आग लागली, तर किल्ली शोधणार कोण?

एप्रिल २०१५, अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर. फ्रेडी ग्रे, वय २५. हातात बेड्या, पायांत बेड्या, पट्टा नाही. व्हॅनमध्ये मणक्याला दुखापत, आठवड्याने मृत्यू.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेले मंडेला नियम, म्हणजे कैद्यांना कसं वागवावं याचे नियम, सांगतात : प्रवासात पळून जाऊ नये म्हणून बेडी चालेल, न्यायाधीशासमोर ती काढा. प्रसूतीच्या वेळी स्त्रीला घालूच नका. हवा आणि उजेड नसलेल्या गाडीतून कुणालाही नेऊ नका.

(दृश्य : व्हॅन पोहोचली आहे. किल्ली बेडीत.)

उघडताना किल्ली आधी एका बाजूला, डबल लॉक सुटतं. मग दुसऱ्या बाजूला, पातं सुटतं. एकाच बाजूला जोर लावत बसलेला शिपाई दिसला, तर त्याला पिनेची सवय नाही हे ओळखावं. दोन्ही मनगटं उजेडात पाहायची, वळ असेल तर नोंद करायची, बोटं बधिर आहेत का ते विचारायचं. त्यानंतर रिकामी सीट उचलून खाली काही टाकलंय का ते तपासायचं, पट्टा ओढून बक्कल नीट बसतं का पाहायचं, आणि मगच पुढच्या कैद्यासाठी दार उघडायचं.