तिओचा वाटा

[बोगदा. हेल्मेटवरच्या दिव्याचा झोत भिंतीवरून सरकतो.]

झोत वळतो आणि तो दिसतो. मातीचं अंग, डोक्यावर शिंगं, तोंडात सिगरेटची थोटकं, मांडीवर कोकाच्या पानांचा खच. कमरेखालचं झाकायचा प्रयत्नही कुणी केलेला नाही. धरणीच्या पोटी खनिज रुजवतो तो हाच, असं इथले लोक मानतात.

हा एल तिओ. बोलिव्हियातल्या पोतोसी शहराच्या डोक्यावर सेर्रो रिको हा डोंगर उभा आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,८०० मीटरवर. त्याच्या पोटातल्या सगळ्या धातूचा मालक तिओ. खाणकामगारांची हाक मात्र 'काका' अशी; स्पॅनिशमध्ये तिओ म्हणजे काकाच.

[हात. छोटी बाटली.]

हाताकडे बघा. पहिले थेंब जमिनीवर. ते पाचामामाचे, म्हणजे धरणीमातेचे. मग काकाला. बाटलीत ९६ टक्के अल्कोहोल आहे, कारण दारू जितकी शुद्ध तितकं खनिज शुद्ध लागतं, असा इथला हिशेब. मग सिगरेट पेटवून त्याच्या ओठांत. ती बुडापर्यंत जळली, तर काका खूश. शेवटचा घोट कामगाराचा. मंगळवार आणि शुक्रवार हे तिओचे वार.

[जुनी चित्रं. चांदीची नाणी.]

१५४५ मध्ये स्पॅनिशांना इथे चांदी सापडली. १५७३ पासून स्पेनच्या राजाचा इथला प्रतिनिधी, व्हाइसरॉय तोलेदो यानं गावोगावच्या आदिवासींवर वेठ लादली. दरवर्षी १३ हजारांहून अधिक पुरुष पाळीपाळीनं इथे आणले जात. डोंगराखाली सुपाय हा पाताळाचा देव राहतो, हे या लोकांना आधीपासून ठाऊक होतं. मान दिला तर देणारा, विसरलात तर घेणारा. पाद्र्यांनी त्याला सैतान ठरवलं. ही शिंगं त्यांचीच देणगी. पाद्री ज्या लोकांना या सैतानाची भीती घालत होते, त्या लोकांनी त्यालाच 'काका' म्हणून नात्यात ओढलं.

पर्यटक फोटो काढतात आणि सैतानपूजा म्हणून दाखवतात. आम्हाला तर ही सरळ वाटणी दिसली. जमिनीखालच्या धनाला धनी असतोच: आपल्याकडे पुरलेल्या हंड्यावर नाग बसतो, ग्रीकांचा प्लूटो पाताळाचाही राजा आणि संपत्तीचाही.

[खाणीचं तोंड. क्रॉस. दगडांवर वाळलेलं रक्त.]

क्रॉस इथपर्यंतच. पुढे काकाचं राज्य. जूनमध्ये इथे लामाचा बळी देतात आणि रक्त खाणीच्या तोंडावर शिंपडतात. त्याला लामा मिळाला, की तो माणूस मागत नाही.

[ओरुरो. मुखवटे, बँड.]

आणि हा ओरुरोचा कार्निव्हल, तोही खाणकामगारांच्याच गावातला. शेकडो सैतान, पुढे तलवार घेतलेला देवदूत मायकेल. वाकडी शिंगं, बाहेर आलेले डोळे, कपाळावर साप, आणि हे सगळं नाचत नाचत निघालंय खाणीच्या मेरीमातेच्या दर्शनाला! देवळात शिरताना सैतान मुखवटे काढून गुडघ्यांवर येतात. २००१ मध्ये युनेस्कोनं या उत्सवाचा गौरव केला.

[डोंगर, दुरून.]

दगडाच्या धुळीनं होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजारानं सेर्रो रिकोतले पुरुष अकाली जातात. २०११ मध्ये शिखराचा भाग खचला, २०१४ मध्ये पोतोसी धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत गेलं.

[बाजार. पानांच्या पिशव्या.]

आज या खाणी बहुतेक सहकारी संस्थांच्या हातात आहेत. कोका, दारू, सिगरेटी, डायनामाइट, सगळं कामगार पदरच्या पैशानं याच बाजारात घेतात. काकाचा खर्चही त्यातच.