मीठ तेच, पैलू वेगळे

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर ह्या दोन वाट्या ठेवल्यात, दोन्हीत मिठाचं पाणी, उजवीकडच्या वाटीत मात्र भरपूर युरिया विरघळवलाय. पाणी आटलं, आता जवळून बघा. डावीकडे मिठाचे चौकोनी ठोकळे, आणि उजवीकडे कोपरे छाटलेले, काही तर पूर्ण अष्टफलक, दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून जोडल्यासारखे. रोमे द लील ह्या फ्रेंच अभ्यासकाने १७८३ सालीच हे नोंदवून ठेवलंय!

मीठ तेच, पण पैलू बदलला. ठोकळ्याच्या पैलूवर सोडियम आणि क्लोरीन बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक बसतात, अष्टफलकाच्या पैलूवर एका थरात एकाच जातीचे.

आता रॉकेटकडे येऊ, पैलूंची हीच गोष्ट तिथेही कामाला येते. पीएसएलव्ही ह्या इस्रोच्या रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात जवळपास १३९ टन घन इंधन असतं, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा अमोनियम परक्लोरेटचा, म्हणजे ज्वलनाला ऑक्सिजन देणारा माल. हे तापवलं की २४० अंश सेल्सिअसला त्याची स्फटिकरचना बदलते, ३०० च्या आसपास त्याचं विघटन सुरू होतं आणि मधेच अडकतं, कारण त्यातूनच सुटलेला अमोनिया त्याच्याच पृष्ठभागाला चिकटून जागा अडवतो, मग उरलेलं काम व्हायला बरंच जास्त तापमान लागतं. इथे लोखंडाचं किंवा तांब्याचं ऑक्साईड कामाला येतं, अगदी थोडंसं, ते अमोनियाला ऑक्सिजनशी जुळवून जागा मोकळी करून देतं.

हे ऑक्साईड जितकं बारीक तितकं बरं, हे तर आहेच. १ सेंटीमीटरच्या ठोकळ्याचे १० नॅनोमीटरचे तुकडे केले तर पृष्ठभाग ६ चौरस सेंटीमीटरवरून ६०० चौरस मीटर होतो, सातेक बॅडमिंटन कोर्ट! पण मला खरी गंमत पुढे वाटते. क्युप्रस ऑक्साईडचे, म्हणजे तांब्याच्याच एका ऑक्साईडचे, नॅनोकण ठोकळ्यासारखेही बनवता येतात आणि अष्टफलकही, आणि अष्टफलकाच्या पैलूवर तांब्याचे काही अणू अर्धवट जोडलेले राहतात, एक हात मोकळा असल्यासारखे, येणाऱ्या रेणूला धरायला तीच जागा.

घन इंधन एकदा पेटलं की मधेच विझवता येत नाही, त्यामुळे जळायचा वेग आधीच ठरवून ठेवावा लागतो. आणि हे नाजूक कोपरे तापले की बोथट होतात, कण एकमेकांना चिकटतात, म्हणून वजन सारखं भरलं तरी मायक्रोस्कोपखाली पैलू शाबूत आहेत का ते बघावंच लागतं.