रोगाचं नाव झाकलेलं नाही

वांगेची मुटू या चित्रकार-शिल्पकार बाईंचं एक काम बघू. पान वैद्यकाच्या जुन्या पुस्तकातलं. मध्ये गर्भाशयाची आकृती, खाली छापलेलं रोगाचं नाव. एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरी नजरेला बाई दिसायची ती एवढीच.

आता जरा जवळून बघा. आकृतीवर डोळे चिकटवलेत, रंगीत मासिकातून कापलेले. डोळे एकीचे, ओठ दुसरीचे. कुठे फरचा तुकडा, कुठे चमकी, तर कुठे चक्क खोकी बंद करायची चिकटपट्टी. आकृतीचा चेहरा झालाय. गोजिरा मुळीच नाही, पण आपल्याकडे रोखून बघतोय. रोगाचं नाव मात्र झाकलेलं नाही. ते मुद्दाम तसंच ठेवलंय.

मुटू यांचा जन्म १९७२, नैरोबी. पुढे वेल्स, मग न्यूयॉर्क. २००० मध्ये येल विद्यापीठाची पदवी घेतली, तीही शिल्पकलेची. वरचं पान ज्या बारा पानांच्या मालिकेतलं, ती २००४-०५ च्या सुमाराची. नाव ‘गर्भाशयातील गाठींच्या विविध प्रकारांचे ऊतिशास्त्र’ (ऊती म्हणजे शरीरातले पेशींचे समूह). परीक्षेला नेमलेलं पुस्तक वाटावं असं!

कात्रणं येतात कुठून? फॅशनची मासिकं, देशोदेशीच्या माणसांचे फोटो छापणारी मासिकं, मोटारसायकलींची, अगदी अश्लीलसुद्धा. म्हणजे बाईला, आणि त्यातही आफ्रिकी बाईला, जिथे जिथे निरखलं गेलं, तिथला कागद. लोकांना ज्याची हाव असते आणि ज्याची किळस येते, ते सगळं बाईच्याच अंगावर लादलं जातं, असं मुटू सांगत आल्या आहेत.

मोठ्या चित्रांसाठी त्या मायलार वापरतात, म्हणजे प्लॅस्टिकचा गुळगुळीत पारभासक पत्रा. त्यात शाई मुरत नाही. ती वर साचते, पसरते आणि डाग धरून वाळते. ते डाग म्हणजेच या चित्रांतल्या बायकांची कातडी: कधी ठिपकेदार, कधी सोललेली. हातापायांच्या जागी यंत्रांचे भाग. लांबून नटलेली मॉडेल वाटते, जवळ गेलं की पोटात ढवळतं. खरं सांगायचं तर ही मोठी चित्रं कधीकधी फारच देखणी होतात, आणि देखणेपणात धार हरवते. त्या बारा पानांमध्ये असं होत नाही.

२०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं त्यांना दर्शनी भिंतीतले चार कोनाडे दिले. भिंत १९०२ मध्ये पूर्ण झाली, पण कोनाडे तेव्हापासून रिकामेच होते. तिथे मुटूंनी ब्राँझच्या चार बायका बसवल्या. जुन्या वास्तुशिल्पात बाई खांब होऊन छत पेलते. या चौघी काहीच पेलत नाहीत. अंगाभोवती वेटोळी गुंडाळल्यासारख्या वेषात ताठ बसल्यात आणि अंगावर आरशासारखी चकती आहे: कुणाच्या कपाळावर, कुणाच्या ओठांवर. कात्री-गोंद इथे नाही, पण वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे एका देहात जोडायची सवय तीच.