काळी तीन आणि उडती पिसं

[पियानोचं जवळून दृश्य. फक्त काळ्या पट्ट्यांवर फिरणारी बोटं.]

ही बोटं बघा. पांढऱ्या पट्ट्यांना जवळजवळ शिवतच नाहीत. अमेरिकन गीतकार-संगीतकार अर्विंग बर्लिन आयुष्यभर असाच वाजवत राहिला. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर त्याची पट्टी एकच : काळी तीन, म्हणजे तिसरी काळी पट्टी हाच सा. गायकाला दुसरी पट्टी हवी असली की पियानोखालची दांडी सरकवायची. बोटं तिथंच, सूर मात्र बदललेले. आपली स्केल चेंजर पेटी आठवा, तीच करामत. असला एक पियानो आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

नोटेशन त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. शब्द त्याचे, चालही त्याचीच, पण कागदावर उतरवून घ्यायला दुसरा माणूस. १८९३ साली रशियातून आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला आलेलं हे पाच वर्षांचं पोर. वडील सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, प्रार्थना गायचे. ते गेले तेव्हा हा तेरा वर्षांचा. मग रस्त्यावर गाणं, आणि पुढे चायनाटाउनमधल्या एका गुत्त्यात गाणारा वेटर.

[नाचणारे बूट. कॅमेरा हळूहळू वर.]

आणि हा फ्रेड अस्टेअर, हॉलिवूडचा नाचणारा नट. याच्या पायांबद्दल सगळे बोलतात, गळ्याबद्दल फारसं कुणी नाही. आवाज पातळ, पल्ला बेताचा. तरीही बर्लिन, गर्शविन, जेरोम कर्न, कोल पोर्टर, सगळ्यांना आपलं गाणं यानंच गावं असं वाटायचं. का? मला विचाराल तर, हा पठ्ठ्या गाताना हरकती घेत नसे. चाल बांधली तशी, शब्द स्वच्छ, लय पक्की. गीतकाराला आणखी काय हवं!

१९३५. आरकेओ स्टुडिओ, चित्रपट 'टॉप हॅट'. बर्लिननं लिहिलं 'चीक टू चीक'. त्या काळी गाणं साधारण ३२ बारचं, आपण आवर्तनं म्हणू. हे ७२ बारचं! वर चाल चढत चढत अस्टेअरच्या आवाजाच्या पार टोकाला जाते. तो ओरडत नाही. अलगद टेकतो आणि उतरतो.

[जिंजर रॉजर्स. पिसांचा झगा.]

अस्टेअरची नायिका जिंजर रॉजर्सनं या गाण्यावरच्या नाचासाठी शहामृगाच्या पिसांचा झगा घालायचा हट्ट धरला. रंग फिका निळा, जो कृष्णधवल पडद्यावर दिसणारच नव्हता. पहिली गिरकी घेतली आणि पिसं सुटली. अस्टेअरच्या काळ्या कोटावर पिसं, नाकात पिसं, डोळ्यांत पिसं. पुन्हा टेक. पुन्हा पिसं. अस्टेअर भडकला, पण जिंजर झग्यावरून हटली नाही. त्यात अस्टेअरचाच दंडक : नाच डोक्यापासून पायापर्यंत अख्खा दिसला पाहिजे, कापाकापी कमीत कमी. मग पिसं लपवणार कुठं?

राग उतरल्यावर त्यानं आणि नृत्यदिग्दर्शक हर्मीझ पॅननं याच चालीवर पिसांचं विडंबन रचून तिला ऐकवलं. तिचं नावच 'फेदर्स', म्हणजे 'पिसं', पडलं. आणि ब्रेसलेटला अडकवायला त्यानं तिला सोन्याचं एक छोटं पीस दिलं.

[मूळ नृत्याचा तुकडा. संगीत वर.]

आता बोलणं थांबवतो. तिच्या खांद्याकडे लक्ष ठेवा... ते बघा, एक सुटलंच.