डबा चपलांच्या कपाटावर का नको

मंडळी, सुरुवातीलाच विचारतो : तुमच्या घरी इंटरनेटचा डबा नेमका कुठे ठेवलाय? टीव्हीच्या मागे... शोकेसमध्ये... काकू, माळ्यावर? बरं. माझ्या घरी तो दोन वर्षं चपलांच्या कपाटावर होता, कारण वायर दारातून आत आली होती. वायरवाला मुलगा वायर जिथे आत येते तिथेच डबा ठोकून मोकळा होतो.

आपण त्याला सवयीने मोडेम म्हणतो. 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून किरकिरत जोडणारा तो खरा मोडेम. नेट चालू असलं की घरचा फोन एंगेज, आणि त्यावरून भांडणं. आता केसासारख्या काचेच्या तंतूतून प्रकाश येतो. त्या प्रकाशाचे विजेचे संकेत करणाऱ्या डब्याला ओएनटी म्हणतात. आलेलं नेट घरातल्या फोन-टीव्हीला वाटून देतो तो राउटर. आजकाल बहुतेक घरांत ही दोन्ही कामं एकच डबा करतो, म्हणून बिघडलं नक्की काय, तेच कळत नाही.

त्यासाठी दिवे बघायचे. ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल, तर बाहेरून प्रकाश येतोय. ‘एलओएस’चा लाल दिवा लागला, तर तो पोचतच नाहीये, मग डबा दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही, तक्रारच नोंदवा. पण त्याआधी कपाटामागे वायर दुमडली नाही ना, तेवढं पाहा. काचेची वायर तांब्याच्या तारेसारखी खिळ्याला गुंडाळता येत नाही, वळण तीव्र झालं की प्रकाश तिथेच बाहेर निसटतो.

आता वेग. शंभर एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिटचा प्लॅन घेतला, आणि फाइल उतरवताना आकडा दिसतो बाराचा. फसवलं? नाही. कंपनी बिट मोजते, फाइल बाइटमध्ये असते, आणि आठ बिटांचा एक बाइट. शंभर भागिले आठ, साडेबारा. म्हणजे एक जीबीचा सिनेमा उतरायला कमीत कमी 80 सेकंद. गंमत म्हणजे 2004 च्या सरकारी धोरणात 256 किलोबिटलासुद्धा ब्रॉडबँड म्हटलं होतं. 2023 पासून किमान 2 मेगाबिट लागतात.

पण हे शंभर डब्यापर्यंतचे. पुढचा प्रवास भिंतींमधून, आणि तिथेच निम्मा वेग जातो. वाय-फायच्या यादीत एकाच घराची दोन नावं दिसतात ना, एकाच्या शेपटीला फाइव्ह-जी? त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. ती पाच गिगाहर्ट्‌झची लहर. ती वेगवान, पण भिंतीला दबकते. दुसरी 2.4 ची, लांब जाते, पण तिथे शेजाऱ्यांच्या सगळ्या डब्यांची गर्दी, शिवाय मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात. लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी यांच्या आड डबा ठेवलात तर दोन्ही हरल्या. म्हणून वायर जोडायला मुलगा आला की चहा द्या आणि सांगा, दहा मीटर वायर जास्त घे, पण डबा घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला लाव. जास्तीचे पैसे मागितले तर द्या, महागडा प्लॅन घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

तो जाण्याआधी डब्याच्या तळाच्या स्टिकरवरचा पासवर्डही बदलून घ्या. वाढदिवसाची तारीख नको, ती सोसायटीत सगळ्यांना ठाऊक असते.

काका विचारतायत, रात्री बंद केला तर चालेल का? नेटपुरतं चालेल. पण लँडलाइनही त्याच डब्यातून येत असेल तर करू नका. जुन्या तांब्याच्या फोनला एक्स्चेंजमधून वीज यायची, लाइट गेले तरी तो वाजायचा. फायबरचा फोन डब्याबरोबरच मरतो. रात्री-अपरात्री डॉक्टरांना त्यावरूनच फोन लावणार असाल, तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस घ्या. घेताना अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा जुळतोय ना, ते दुकानदाराला दाखवा. बहुतेकदा तो बारा असतो.