सही करण्याआधी खालची माती विचारा

श्रोतेहो, नमस्कार.

दुकानासाठी, गोदामासाठी किंवा कारखान्यासाठी जागा घेताना आपण बरंच काही बघतो. रस्ता किती रुंद आहे, वीज किती मिळेल, मालकी निर्वेध आहे का, कर्जाचा बोजा आहे का. पण या जमिनीवर पूर्वी काय चालायचं आणि त्यातलं काय अजून मातीत मुरलेलं आहे, हे विचारायचं राहून जातं. आज बोलायचं आहे ते याच प्रश्नाबद्दल.

अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाचा एक अर्धवट खणलेला कालवा होता. १९४२पासून पुढची दहाएक वर्षं एका रसायन कंपनीने त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती लोटली आणि १९५३मध्ये ती जागा तिथल्या शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. खाली रसायनं आहेत, हे खरेदीखतात लिहिलेलं होतं. तरी तिथे शाळा उभी राहिली, आजूबाजूला घरं झाली. १९७८मध्ये या रसायनांमुळे तिथे आणीबाणी जाहीर झाली आणि पुढे शेकडो कुटुंबांना घरं सोडावी लागली. मला या हकिगतीत सगळ्यात जास्त टोचते ती खरेदीखतातली ती ओळ. धोका कागदावर होता, आणि त्याच जमिनीवर मुलं खेळत होती.

यानंतर १९८०मध्ये अमेरिकेत जो कायदा झाला, त्याला लोक सुपरफंड म्हणून ओळखतात. त्यानुसार प्रदूषण दुसऱ्याने केलेलं असलं, तरी सफाईचा खर्च आजच्या मालकाकडून वसूल होऊ शकतो. यातून वाचण्याची एक मुख्य वाट म्हणजे खरेदीपूर्वी केलेली रीतसर चौकशी. खरेदीपूर्वी, हा शब्द कृपया लक्षात ठेवा. ताबा घेतल्यावर केलेली तपासणी या संरक्षणासाठी उपयोगाची नाही. २००२च्या दुरुस्तीनंतर तर प्रदूषण आहे हे माहीत असूनही जागा घेणाऱ्याला संरक्षण मिळू शकतं. मात्र आधी चौकशी आणि नंतर योग्य ती काळजी, दोन्ही हवं. म्हणून ‘काही सापडलं तर आपणच अडकू’ या भीतीने तपासणी टाळणं ही चूक आहे.

चौकशीच्या पहिल्या टप्प्याला फेज वन म्हणतात. यात खोदकाम नसतं. जुनी हवाई छायाचित्रं, सरकारी नोंदी, शेजारच्या जागांचा इतिहास बघतात. अमेरिकेत सॅनबॉर्न कंपनीचे आगीच्या विम्यासाठी काढलेले जुने नकाशे आहेत. विमा कंपनीला आगीची काळजी, म्हणून त्यांत इंधनाच्या टाक्या आणि बॉयलर नेमके दाखवलेले. शंभर वर्षांपूर्वी आगीसाठी काढलेली ती खूण आज गळतीचा माग देते. मग तज्ज्ञ जागेवर फिरतात. त्यांची नजर असते ती अशा खुणांवर: जमिनीत पुरलेल्या टाकीचा, भिंतीलगत वर आलेला हवेचा पाइप, फरशीवरचे तेलकट डाग, कुठे जाते ते कुणालाच ठाऊक नसलेली गटाराची जाळी.

ड्राय क्लीनिंगचं उदाहरण घ्या. दुकान लहान, धूर नाही, कुणाला संशयही येत नाही. पण या धंद्यात कपडे साफ करायला अनेक दशकं परक्लोरोइथिलीन नावाचं द्रव रसायन वापरलं गेलं. ते पाण्याच्या दीडपटीहून जड असतं. सांडलं तर काँक्रीटमधूनही झिरपतं, भूजलापर्यंत पोचल्यावर वर तरंगत नाही, आणखी खोल जातं आणि तिथून वर्षानुवर्षं थोडं थोडं विरघळत राहतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे पाच दशलक्षांश, एवढीच आहे. यावरून थोड्याशा गळतीने केवढं पाणी बिघडतं ते कळेल. त्याची वाफ मातीतून वर येऊन इमारतीतल्या हवेत मिसळते, ती वेगळीच. आणि हे दुकान तुमच्या जागेत नसून शेजारी असलं, तरी भूजल कुंपण पाळत नाही.

संशय पक्का झाला, तर दुसऱ्या टप्प्यात बोअर घेऊन माती, पाणी आणि मातीतल्या वायूचे नमुने प्रयोगशाळेत जातात. त्याला वेळ लागतो, म्हणून करारात त्याची मुदत आणि माघार घेण्याची अट आधीच घालून घ्या. इमारतीतलं ॲस्बेस्टॉस किंवा रंगातलं शिसं नेहमीच्या फेज वनमध्ये येत नाही, ते वेगळं सांगावं लागतं. जुना अहवाल दाखवून कुणी समजूत घालत असेल तर तारीख बघा. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे मुलाखती, पाहणी, नोंदी असे मुख्य भाग खरेदीच्या आधीच्या १८० दिवसांतले हवेत.

अहवाल आला की शेवटचा निष्कर्ष वाचून तो मिटू नका. ‘माहिती उपलब्ध झाली नाही’ असं जिथे लिहिलं असेल, तिथे थांबा. मधल्या वीस वर्षांची नोंदच नसेल, तर त्या वीस वर्षांत तिथे कोण होतं? तिथे काम केलेला एखादा निवृत्त कामगार शोधता आला, तर त्याला भेटायची विनंती तज्ज्ञांना जरूर करा. वापरलेलं तेल संध्याकाळी कुठे ओतायचे, हे बहुधा त्यालाच आठवत असतं.

नमस्कार.