पावतीवर न दिसणारा कर

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं एक तळं. पहाट. धक्क्यावरच्या आजोबांनी आमिष लावून गळ टाकलाय. मासा लागेल तेव्हा लागेल. पण त्याच्या संगोपनाचे पैसे आजोबांनी कधीच भरलेत. गळाची काठी विकत घेतली, त्याच दिवशी.

१९५० चा डिंगेल-जॉन्सन कायदा. त्यातले जॉन डिंगेल याच मिशिगनचे खासदार. १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरच्या करातून वन्यप्राण्यांसाठी पैसा उभा राहत होताच. तीच युक्ती माशांसाठी वापरली. काठी, रीळ, गळ यांवर १० टक्के कर. तो भरतो कारखानदार किंवा आयातदार, म्हणून पावतीवर दिसत नाही. काठी कितीही महागडी असो, कर १० डॉलरच्या वर जात नाही. १९८४ मध्ये मोटरबोटींच्या इंधनावरचा करही यात आला आणि बोटवाले भागीदार झाले.

सरकारी तिजोरीत गेलेला पैसा कुठे मुरतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. इथे मात्र अट कडक आहे. राज्याने मासेमारी परवान्यांचं शुल्क दुसरीकडे वळवलं, तर केंद्राच्या या निधीवर पाणी सोडायची वेळ येते. वाटणी होते ४० टक्के क्षेत्रफळावर आणि ६० टक्के परवानाधारकांच्या संख्येवर. गळ टाकणारे घटले, की राज्याचा वाटाही घटतो.

आता राज्याच्या मत्स्य खात्याची ही बोट बघा. पुढे लोंबणाऱ्या तारांतून पाण्यात वीज सोडली आहे. मासे क्षणभर गुंगतात. जाळीने उचलायचे, मोजायचे, दोन-चार खवले काढून घ्यायचे आणि सोडून द्यायचे. झाडाच्या खोडासारखी खवल्यांवर वयाची वर्तुळं असतात. या मोजणीवरूनच ठरतं, एकाने दिवसाला किती मासे घरी न्यायचे. अशा कामांत डॉलरमागे ७५ सेंटपर्यंत वाटा या निधीचा, उरलेला राज्याचा. बोट पाण्यात उतरवायचे उतार आणि धक्के यांसाठी निदान १५ टक्के राखून ठेवलेले. बोटवाल्यांनी तरी फुकट का द्यावं?

आणि एक गंमत. गवत कापायच्या यंत्रांसारख्या लहान इंजिनांच्या पेट्रोलवरचा करही याच निधीत येतो. १९९० च्या कायद्यापासून यातून किनाऱ्यावरच्या पाणथळ जागा राखल्या जातात, सगळ्यात मोठा वाटा लुइझियाना राज्याला. न्यू जर्सीत शनिवारी अंगणातलं गवत कापणारा एखादा पक्का शाकाहारी पुणेकर, लुइझियानातल्या कोळंबीच्या पिल्लांचं घर सांभाळतोय.